बुबुळ, परितारिका आणि मोरपिसाचा डोळा : एका शब्दकुळाचा अभ्यास

पारिभाषिक संज्ञा म्हणजे काय आणि ती सामान्य शब्दापासून कोणत्या बाबतीत वेगळी असते, याची तात्त्विक चर्चा आपण यापूर्वी केली आहे. आता हीच चर्चा शब्दांच्या एका लहानशा कुळावर तपासून पाहू. हे कुळ आहे डोळ्यातील रंगीत पडद्याचे आणि त्याच्याशी इंग्रजीत नात्याने जोडल्या गेलेल्या रंगांच्या झळाळीचे. इंग्रजीत 'आयरिस' आणि 'इरिडेसन्स' हे शब्द एकाच मुळातून निघाले आहेत. मराठीत मात्र त्यांचे प्रतिशब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. असे का झाले आणि त्याने बिघडते काय, हे दोन प्रश्न या लेखात हाताळले आहेत. पहिला प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. दुसरा प्रश्न एखाद्याच्या दृष्टीशीही येऊन भिडतो, हे पुढे दिसेल.

आरंभी एक प्रसंग कल्पू. जामखेड तालुक्यातील खर्डा गावात एका घरी नेत्रदानाविषयीचे पत्रक आले आहे. त्यात 'बुबुळ प्रत्यारोपण' असा शब्द आहे. घरातील नात दहावीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला 'पारपटल', त्यामागील गडद मांसल पडद्याला 'बुबुळ' आणि त्या पडद्याच्या मधोमध असलेल्या छिद्राला 'बाहुली' म्हटले आहे. आजी विचारते, "म्हणजे डोळ्यातला काळा भागच काढून नेतात की काय गं?" नात पुस्तकाच्या आधारे उत्तर देते, "हो आजी, बुबुळ म्हणजे तोच." आजी पत्रक बाजूला ठेवते.

या संवादात नातीने चुकीचे काही सांगितलेले नाही आणि पत्रक लिहिणाऱ्यानेही खोटे काही लिहिलेले नाही. तरीही आजीला मिळालेली माहिती चुकीची आहे. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्यातून रुग्णाला बसवला जातो तो पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल. रंगीत पडदा कोणाला बसवला जात नाही. दात्याच्या डोळ्यांचा रंग दुसऱ्याच्या डोळ्यांत जाण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. इतक्या थोड्या वेळात, दुःखात बुडालेल्या घरात, एका शब्दाचा अर्थ उलगडत बसायला कोणाला सवड असणार?

बुबुळ म्हणजे नेमके काय?

लोकभाषेत 'बुबुळ' हा शब्द डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या मधोमध दिसणाऱ्या सगळ्या गडद वर्तुळाला लावला जातो. त्यात तीन गोष्टी येतात : वरचे पारदर्शक आवरण, त्यामागचा रंगीत पडदा आणि त्या पडद्यातील काळे छिद्र. पारदर्शक आवरण निरोगी असताना दिसतच नाही, त्यामुळे त्याला वेगळे नाव देण्याचे कारण लोकभाषेला पडले नाही. ते आजाराने पांढरे पडले की मगच डोळ्यांना दिसते. तेव्हा लोक 'बुबुळावर फूल पडले' असे म्हणतात. वस्तुतः ते फूल रंगीत पडद्यावर पडलेले नसते, त्याच्या पुढच्या काचेवर पडलेले असते. तरीही बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते विधान अचूकच आहे. त्याच्या भाषेत ती काच बुबुळाचाच भाग आहे.

ही विभागणी अडाणीपणाची आहे असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले सांगितली आहेत : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. पापणीचे केस, पापणी, पांढरा भाग, काळा भाग आणि मधली दृष्टी, असा हा बाहेरून आत जाणारा क्रम आहे. यातील 'कृष्णमंडल' आणि आपले 'बुबुळ' यांची व्याप्ती जवळजवळ सारखी भरते. दोन्ही ठिकाणी नाव दिले गेले ते समोर बसून पाहणाऱ्याला जे दिसते त्याला. आधुनिक शरीररचनाशास्त्राने डोळा कापून, थर सुटे करून पाहिला आणि प्रत्येक थराला स्वतंत्र नाव दिले. त्यामुळे जुना शब्द नव्या नकाशावर बसवताना तो कोणत्या थराला द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. पाठ्यपुस्तकाने तो मागच्या थराला दिला. वृत्तपत्रांनी आणि नेत्रदानाच्या प्रचाराने तो पुढच्या थराला दिला. परिभाषाकोशांच्या परंपरेने दोन्ही टाळून रंगीत पडद्यासाठी 'परितारिका' हा संस्कृत घडणीचा शब्द घेतला. हिंदीतही हाच शब्द रूढ आहे.

'परितारिका' या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. 'तारका' किंवा 'तारा' म्हणजे डोळ्याची बाहुली आणि 'परि' म्हणजे भोवती. बाहुलीच्या भोवती असणारी ती परितारिका. येथे नाव स्थानावरून दिलेले आहे. ग्रीक परंपरेत ते रंगावरून दिले गेले. 'आयरिस' ही इंद्रधनुष्याची देवता आणि देवांची दूती. माणसामाणसांत या पडद्याचे रंग वेगवेगळे असतात, म्हणून त्याला इंद्रधनुष्याचे नाव मिळाले. हे नाव स्थिर झाले आणि मग त्याला संतती झाली. लॅटिनमधून आलेल्या 'इरिड-' या अंगाला प्रत्यय लागून या पडद्याचे आजार, शस्त्रक्रिया, दोष अशी सगळी नावे तयार झाली. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञाने एक धातू शोधला. त्याच्या क्षारांचे रंग नाना प्रकारचे दिसले म्हणून त्याने त्याला 'इरिडियम' म्हटले. एका फुलालाही हेच नाव मिळाले आणि त्या फुलावरून वनस्पतींच्या एका कुलालाही. आपण खिरीत घालतो ते केशर याच कुलातले आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

बाहुलीची गोष्ट मात्र उलट आहे. तिथे मराठी, संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांना एकच प्रतिमा सुचली. समोरच्याच्या डोळ्यात डोकावून पाहिले की आपलेच इवलेसे प्रतिबिंब दिसते. म्हणून मराठीत 'बाहुली', लॅटिनमध्ये लहान मुलगी किंवा बाहुली या अर्थाचा 'प्युपिला', ग्रीकमध्ये मुलगी या अर्थाचा 'कोरे' आणि संस्कृतात 'कनीनिका'. या शेवटच्या शब्दामागेही कन्यावाचक शब्दच आहे. यातील कोणी कोणाकडून उसना घेतला असे मानण्याची गरज नाही, डोळे सर्वत्र सारखेच असतात. परंतु संस्कृतातही हा शब्द एका जागी टिकला नाही. कोशांत 'कनीनिका' म्हणजे बाहुली आहे, तर सुश्रुताच्या नेत्रवर्णनात 'कनीनक' हा नाकाकडचा डोळ्याचा कोपरा आहे. म्हणजे 'बुबुळ' शब्दाला आज जे झाले ते त्याच्या संस्कृत भावंडांनाही पूर्वी झालेले आहे.

आजारांच्या नावांतही असे स्थलांतर दिसते. सुश्रुताच्या परंपरेत 'काच' हा शब्द तिमिर वाढत जाऊन दृष्टी मंदावण्याच्या एका अवस्थेसाठी येतो. आजच्या वैद्यकाच्या भाषेत तो मोतीबिंदूच्या वाटेवरचा टप्पा ठरेल. मराठीत मात्र 'काचबिंदू' हे नाव डोळ्यातील दाब वाढून नस खराब करणाऱ्या वेगळ्याच आजाराला मिळाले. गंमत अशी की, या आजाराचे जे नाव युरोपीय भाषांत आहे, त्या 'ग्लॉकोमा' या ग्रीक शब्दानेही नेमका असाच प्रवास केला. प्राचीन ग्रीक वैद्य बाहुलीत निळसर-करडी झाक दिसणाऱ्या आंधळेपणाला तो लावीत, त्यात आपला मोतीबिंदूही येत असे. दोन्ही परंपरांत जुने नाव बाहेरून दिसणाऱ्या रंगाशी किंवा काचेसारख्या रूपाशी बांधलेले होते. पुढे कारणे कळली तेव्हा नाव एका आजाराला राहिले आणि दुसरा आजार त्यातून बाहेर पडला.

खर्ड्याच्या परिसरातील डोळ्यांचे शब्द

खर्डा हे नाव इतिहासात ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे परिचित आहे. सवाई माधवरावांच्या आणि नाना फडणिसांच्या काळात मराठ्यांनी येथे निजामाचा पराभव केला. भाषेच्या अभ्यासकाला या गावाचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटते. पेशवाई आणि निजामशाही यांच्या सीमेवरचा हा मुलूख आहे. येथे संस्कृत, देशी आणि फारसी-अरबी हे तिन्ही थर एकाच वाक्यात सहज नांदतात. 'चष्मा' या शब्दात फारसीतील डोळ्याचा 'चश्म' आहे. 'नजर' अरबी आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. 'नजर लागणे' यातील 'नजर' आणि 'नजराणा' यातील 'नजर' हे अरबीत दोन वेगळे धातू आहेत, एकाचा अर्थ पाहणे आणि दुसऱ्याचा अर्थ नवस किंवा अर्पण. देवनागरीत लिहिताना दोन्ही व्यंजने एक झाली आणि मराठीला दोन शब्दांऐवजी एकच शब्द मिळाला. लढाईनंतरच्या तहात नजर आणि नजराणा दोन्ही आले असतील, पण तो भाग इतिहासाच्या प्राध्यापकांकडे सोपवू.

देशी थर तर फारच समृद्ध आहे. रांजणवाडी, खुपऱ्या, फूल, मोतीबिंदू, डोळे येणे, तिरळा, चकणा, घारा, मांजऱ्या डोळ्यांचा, पिंगट. यातील 'घारा' हा शब्द लोक घार या पक्ष्याशी जोडतात. या शब्दांत रंगाचे आणि रूपाचे बारकावे आहेत, पण डोळ्याच्या आतील रचनेसाठी एकही नाव नाही, हे आपण पाहिले. तसेच 'डोळा' हा शब्दही केवळ शरीराचा अवयव राहत नाही. उसाच्या कांडीला डोळा असतो, बटाट्याला असतो, नारळाला असतो. गुलाबाच्या किंवा बोरीच्या फांदीवर 'डोळा भरतात'. आणि मोरपिसालाही डोळा असतो. या शेवटच्या डोळ्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

संदिग्ध शब्दाची किंमत

'बुबुळ' हा शब्द संदिग्ध आहे असे म्हणून आपण थांबलो, तर तो केवळ कोशकारांचा वाद वाटेल. म्हणून आणखी एक प्रसंग पाहू. जामखेड, आष्टी, पाटोदा या पट्ट्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तोडणी करताना उसाचे करवतीसारखे पान डोळ्याला घासून जाते. डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. गावाकडे कोणाला तरी मागे असाच लाल डोळा झाला होता आणि तेव्हा डॉक्टरांनी 'बुबुळाला सूज आहे' असे सांगून थेंब दिले होते. ती अर्धी बाटली शिल्लक आहे. 'तुलाही बुबुळालाच झालंय, घाल दोन थेंब', असा सल्ला प्रेमाने दिला जातो.

पहिल्या रुग्णाला झालेली सूज परितारिकेची असेल, तर त्याला दिलेल्या औषधात बहुधा स्टिरॉइड असणार. परितारिकेच्या सुजेवर ते नेहमीचे औषध आहे. दुसऱ्याला झालेली जखम पारपटलाची आहे. वनस्पतीचा ओरखडा असल्याने तिच्यात बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका मोठा असतो. अशा जखमेवर वैद्यकीय देखरेखीशिवाय स्टिरॉइडचे थेंब पडले, तर संसर्ग फोफावतो आणि पारपटल कायमचे पांढरे पडू शकते. दोन्ही आजार लोकभाषेत 'बुबुळाचे'च. एका थराचे औषध दुसऱ्या थराला विष ठरावे आणि दोन्ही थरांना नाव मात्र एकच असावे, याहून मोठे कारण पारिभाषिक संज्ञेच्या बाजूने मला देता येणार नाही.

असे असले तरी 'परितारिकाशोथ' हा शब्द त्या तोडणी कामगाराला सांगून उपयोग नाही. 'शोथ' म्हणजे सूज, हे पुस्तकाबाहेर फार कमी लोकांना माहीत असते. येथे भाषेच्या अभ्यासकाने दोन पातळ्या स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात. अभ्यास, कोश आणि वैद्यकीय नोंदी यांच्या पातळीवर परितारिका आणि पारपटल हीच नावे वापरावीत, आणि 'बुबुळ' हा शब्द तिथे येऊच देऊ नये. रुग्णाशी आणि दात्याच्या कुटुंबाशी बोलताना नाव देण्यापेक्षा वर्णन करावे : 'डोळ्यावरची पारदर्शक काच' आणि 'काचेमागचा रंगीत पडदा'. काच आणि पडदा हे दोन्ही शब्द घराघरात आहेत. पत्रकात 'बुबुळ प्रत्यारोपण' असे न लिहिता 'डोळ्यावरच्या पारदर्शक काचेचे रोपण' असे लिहिले असते, तर आपल्या पहिल्या प्रसंगातील आजीने ते पत्रक खाली ठेवले नसते.

या शब्दाचा आणखी एक नवा वापर अलीकडे रूढ झाला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, छायाचित्र आणि दोन्ही डोळ्यांच्या परितारिकांची प्रतिमा घेतली जाते. 'आयरिस स्कॅन' हा शब्द लोकांनी 'बुबुळांचे ठसे' असा करून घेतला. डोळ्यावर कोणी शाई लावत नाही, तरीही 'बोटांचे ठसे' या परिचित शब्दाशेजारी तो बसला आणि चालू लागला. हे सादृश्याचे उत्तम उदाहरण आहे. येथे 'बुबुळ' म्हणजे नेमकी परितारिका. तिच्यावरील रेषा, खाचा आणि ठिपके यांची वीण प्रत्येक डोळ्यात निराळी असते. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या डोळ्यातही ती सारखी नसते. कोयता धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांची ओळख पटवायला ही वीण कामी येते. म्हणजे शासकीय यंत्रणेने वापरलेला अर्थ पाठ्यपुस्तकाच्या बाजूने उभा राहिला आणि नेत्रदानाच्या प्रचारातील अर्थ एकाकी पडू लागला. हा तराजू पुढे कोणत्या बाजूला झुकेल याचे भाकीत मी करणार नाही.

झळाळीला नाव काय द्यावे?

आता कुळातील दुसऱ्या शाखेकडे वळू. 'इरिडेसन्स' म्हणजे पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलणारी झळाळी. साबणाचा फुगा, डबक्यावरचा तेलाचा तवंग, शिंपल्याची आतली बाजू, कबुतराची मान, मोराचा पिसारा ही तिची परिचित उदाहरणे. इंग्रजी शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस घडला. त्याच्यात इंद्रधनुष्य आहे, डोळा नाही. डोळा त्याचा भाऊ आहे, बाप नव्हे.

मराठीत या गुणासाठी 'वर्णदीप्ती', 'रंगदीप्ती', 'इंद्रधनुषी चमक' अशी निरनिराळी रूपे लेखनात आढळतात. यातील कोणतेही पूर्ण समाधान देत नाही. 'वर्णदीप्ती'त रंग आहे आणि तेज आहे, पण कोन बदलताच रंग पालटतो ही मुख्य गोष्ट नाही. 'इंद्रधनुषी चमक' या नावावर भौतिकशास्त्राचे अभ्यासक आक्षेप घेतात : इंद्रधनुष्यात पावसाच्या थेंबातून प्रकाश वळतो आणि त्याचे रंग सुटे होतात, तर तवंगात थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून काही रंग उजळतात आणि काही मावळतात. आक्षेप खरा आहे, पण तो इंग्रजी शब्दालाही तितकाच लागू पडतो आणि तिथे कोणाची त्याने अडवणूक केलेली नाही. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याची व्याख्या नव्हे, हे तत्त्व आपण पूर्वी पाहिले आहे. 'कुशल' शब्दात आज कोणी कुश तोडत नाही.

लोकभाषेकडे पाहिले तर तेजाच्या छटा मोजताना ती थकत नाही : लकाकी, तकाकी, चकाकी, झळाळी, झाक, छटा. 'तकाकी' घासून आणलेली असते, 'झाक' एका रंगावर दुसऱ्याची हलकी सावली असते, मोत्याला तर 'पाणी' असते. पण रंग बदलणाऱ्या झळाळीसाठी सर्वांत जवळ जाणारा शब्द विणकरांनी जपला आहे : 'धूपछाव'. पैठण आणि येवला येथील पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे धागे दुसऱ्या रंगाचे घेतले की पदर हलताच रंग पालटतो. एका बाजूने पाहिले तर जांभळा, दुसऱ्या बाजूने गुलाबी. कोन आणि रंग यांचे नाते या शब्दात अगदी नेमके आले आहे. अडचण इतकीच की, येथे दोन्ही रंग आधीच धाग्यांत असतात, कोनानुसार फक्त त्यांचे प्रमाण बदलते. तवंगात मुळात रंगद्रव्यच नसते. तरीही विद्यार्थ्याला ही कल्पना पहिल्यांदा समजावताना मी 'धूपछाव'नेच सुरुवात करतो आणि मग फरक सांगतो.

'मोरपंखी' हा शब्द हाताशी असताना तो का घेऊ नये, असे आपल्या मनात आले असेल. तो आता एका ठरावीक निळ्या-हिरव्या रंगाचे नाव झाला आहे. साडीच्या दुकानात 'मोरपंखी दाखवा' म्हटले की विक्रेता न हलणारा, न बदलणारा रंग दाखवतो. मोरावरून गेलेला दुसरा शब्दही असाच थिजला आहे. तो म्हणजे 'मोरचूद', शेतकऱ्यांच्या परिचयाचा. संस्कृत 'मयूरतुत्थ' यापासून आलेले ताम्र-सल्फेटाचे हे नाव. द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात तो निळा खडा चुन्यासोबत वापरतात. त्याचा निळा रंग द्रव्याचा आहे, कोणत्याही कोनातून निळाच दिसतो.

मोराकडे

खर्ड्याच्या उत्तरेला बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, नायगाव मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ मध्ये घोषित झाले. पाऊस पडून गेल्यावर त्या माळावर मोर पाहिला, तर आपल्या चर्चेतील सगळे प्रश्न एका पिसावर गोळा झालेले दिसतात.

मोरपिसात निळे, हिरवे रंगद्रव्य नसते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकाखाली मोराचे पीस पाहिले आणि ते भिजवले की रंग उडतो, हे नोंदवले. रंग द्रव्यात असता तर पाण्याने असा गेला नसता. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या दशकात रंगझळाळीच्या शिंपल्यांचा आणि पक्ष्यांच्या पिसांचा अभ्यास केला. त्यांनी अभ्यासलेला नीलपंख हा पक्षी खर्ड्याच्या रस्त्यावरील तारांवर आजही बसलेला दिसतो. मोरपिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनचे अतिसूक्ष्म दंड जाळीसारखे ओळीने रचलेले असतात. दोन दंडांमधील अंतर किंचित बदलले की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळसर तपकिरी.

मेलॅनिन हे नाव येथे ध्यानात ठेवावे, कारण मानवी परितारिकेचा रंगही त्याच द्रव्यावर अवलंबून आहे. ते भरपूर असले की डोळा काळाभोर किंवा तपकिरी दिसतो. कमी असले की घारा. निळ्या डोळ्यातही निळे द्रव्य नसते, मेलॅनिन फारच कमी असल्याने प्रकाश विखुरतो आणि निळा भाग अधिक परततो. परंतु मानवी परितारिकेत मोरपिसासारखी शिस्तबद्ध जाळी नाही, त्यामुळे तिचा रंग कोनानुसार पालटत नाही. म्हणजे ज्या अवयवाला इंद्रधनुष्याचे नाव मिळाले, तो मानवाच्या बाबतीत इंद्रधनुषी नाही. डोळ्यात तशी झळाळी असते ती गाईबैलांच्या आणि मांजरांच्या. रात्री गोठ्यात बॅटरी मारली की बैलाचे डोळे निळे-हिरवे लकाकतात. ती लकाकी दृष्टिपटलाच्या मागे असलेल्या एका परावर्तक थराची असते, परितारिकेची नव्हे. अंधुक उजेडात प्रकाश दुसऱ्यांदा वापरता यावा, अशी ती सोय आहे. माणसात तो थर नाही. लोकभाषेत त्या थराला नाव नाही, 'डोळे लकाकतात' एवढे क्रियापद मात्र आहे. मला ते पुरेसे वाटते.

आता पिसावरील डोळ्याकडे येऊ. मोरपिसाच्या टोकाशी असलेल्या वर्तुळाला आपण 'डोळा' म्हणतो. वासुदेवाच्या टोपीतील पिसांवर, देवावर ढाळायच्या मोरचेलावर तो आपण लहानपणापासून पाहिला आहे. संस्कृत कोशांत त्याला 'चंद्रक' आणि 'मेचक' अशी नावे आहेत. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे : रावणाच्या भयाने इंद्र मोराच्या रूपात दडला आणि संकट टळल्यावर कृतज्ञतेने त्याने मोराच्या पिसाऱ्याला आपले सहस्र डोळे दिले. ग्रीकांकडेही हेरा देवीने आर्गसचे शंभर डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवल्याची कथा आहे.

आपल्या लेखाचा आरंभीचा प्रश्न असा होता की, ग्रीकांनी डोळा आणि इंद्रधनुष्य एका शब्दात बांधले, ते आपल्याकडे का घडले नाही. तो प्रश्न थोडा चुकीच्या रीतीने मांडला गेला होता असे आता दिसते. आपल्याकडेही आकाशातील धनुष्य इंद्राचे आहे आणि पिसाऱ्यावरील डोळेही इंद्राचेच आहेत. बांधणी झाली, पण ती शब्दात झाली नाही, कथेत झाली. ग्रीकांनी झळाळीचे नाव डोळ्याला दिले. आपण डोळ्याचे नाव झळाळीला दिले. परिभाषा घडवणाऱ्यांना शब्द साधण्यासाठी धातू आणि प्रत्यय लागतात, कथा त्यांच्या कामाची नसते. म्हणून 'परितारिका' आणि 'वर्णदीप्ती' हे शब्द कोशात एकमेकांपासून दूर, अनोळखी राहिले. त्यात परिभाषेचे काही बिघडले नाही. ज्याला दोन्ही संज्ञा एकत्र लक्षात ठेवायच्या आहेत, त्याने मोरपीस आठवावे.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील किमान पाच वेगवेगळ्या वयोगटांतील व्यक्तींना डोळ्याचे साधे चित्र दाखवा आणि 'बुबुळ' कोणते ते बोटाने दाखवायला सांगा. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे अशी एक तरी व्यक्ती त्यात असू द्या. प्रत्येकाने दाखवलेला भाग नोंदवा. उत्तर सुचवू नका.

२. नेत्रदानाविषयीचे एखादे मराठी पत्रक मिळवा. त्यात पारपटलासाठी कोणते शब्द वापरले आहेत ते शोधा आणि ते पत्रक घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवून तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यानंतर पत्रकातील तो परिच्छेद पुन्हा लिहा.

३. 'मोर' या शब्दावरून आलेले आपल्या बोलीतील शब्द गोळा करा. प्रत्येकाबाबत तो शब्द रंग सांगतो, आकार सांगतो की झळाळी, हे ठरवा. एखादा शब्द तीनही रकान्यांत बसला नाही, तर तो वेगळा लिहून ठेवा आणि संपर्कसत्राला येताना सोबत आणा.